आईंच्या टाचेसाठी सिस्टर

शनिवारी सकाळी बाथरूमच्या बेसिनमध्ये एक पांढरा पायमोजा भिजत घातलेला दिसला. पाण्याला गुलाबी झाक होती. मोजा उचलून पिळला, तर टाचेपाशी रुपयाएवढा तपकिरी डाग. तो मोजा आईंचा होता, म्हणजे माझ्या सासूबाईंचा.

त्या हॉलमध्ये सोफ्यावर बसल्या होत्या. पायांवर शाल ओढून घेतलेली.

"आई, पाय दाखवा बघू."

"काही नाही गं. बुटानं जरा घासलंय. मी केलंय ड्रेसिंग."

"कधी लागलं?"

"झाले चार-पाच दिवस."

मी शाल बाजूला केली. उजव्या टाचेला गॉज बांधलेला होता, पण वाकडातिकडा, एका बाजूनं सुटलेला. शेजारी उशीखाली माझा कपाटातला हातआरसा होता. गुडघ्यांमुळे त्यांना पाय वळवून टाच बघता येत नव्हती. म्हणून रोज मी कामावर गेले की त्या आरसा जमिनीवर ठेवून, अंदाजानं स्वतःची पट्टी बदलत होत्या.

हे कुणा दुसऱ्या बाईनं केलं असतं तर मला अडाणीपणा वाटला असता. पण आई सांगलीच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या, त्यातली शेवटची अकरा वर्षं सर्जिकल वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर. दुसऱ्या कुणाची टाच असती तर त्यांनी पहिल्याच दिवशी घर डोक्यावर घेतलं असतं. स्वतःची टाच होती, मुलाकडे पाहुण्या म्हणून आल्या होत्या, म्हणून गप्प बसल्या.

जर्मनीतला, दोन हजार पाच-सहाचा तो हिवाळा. माझ्या नवऱ्याच्या कंपनीनं त्याला वर्षभरासाठी न्युरेम्बर्गच्या प्रोजेक्टवर घातलं होतं. सोमवारी पहाटेच्या ट्रेननं जायचा, गुरुवारी संध्याकाळी यायचा. मी इथं वोल्फ्सबुर्गला, ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत चाचण्यांचे रिपोर्ट तपासायचं काम करत होते. आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. आल्या आल्या आम्ही त्यांना आतून लोकर लावलेले बूट घेऊन दिले. आईंना ते इतके आवडले की रोज दुपारी त्या एकट्याच वसाहतीभोवती दोन फेऱ्या मारून यायच्या. त्यांना बारा वर्षांचा मधुमेह. तळव्यांची संवेदना कमी झालेली. बूट टाच सोलत होता आणि त्यांना ते कळतच नव्हतं.

सोमवारी मी त्यांना आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर उंच, कमी बोलणारे. त्यांनी जखम साफ केली, बराच वेळ बघितली आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"हाडापर्यंत गेलेली नाही. आत्ता तरी नाही. रोज ड्रेसिंग, आणि टाचेवर अजिबात वजन द्यायचं नाही. आठ-दहा दिवसांत सुधारली नाही, तर मी यांना हॉस्पिटलमध्ये पाठवीन."

"रोज इथं आणू?"

त्यांनी दाराबाहेरच्या जिन्याकडे पाहिलं. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आत्ताच मी आईंना अर्धवट उचलून वर आणलं होतं. "घरी येणारी नर्स शोधा," ते म्हणाले. "पण खरी नर्स शोधा. मदतनीस नको. या पायाला नर्सच पाहिजे."

त्यांनी सूचना लिहून दिल्या आणि घरी सेवा देणाऱ्या तीन संस्थांचे फोन नंबरही दिले. पहिल्या दोघांकडे जागा नव्हती. तिसऱ्या संस्थेतल्या बाईंनी विचारलं, विमा कुठला? मी सांगितलं, भारतातला प्रवासी विमा. त्यांनी फार सभ्यपणे नाही म्हटलं.

मग मी जे कुणीही करेल तेच केलं. ओळखीच्यांना फोन लावले. आमच्या गावात तेव्हा पंधरा-वीस मराठी घरं होती, बहुतेक सगळी गाड्यांच्या कारखान्याशी जोडलेली. दिवाळीचा फराळ आणि गणपतीची आरती एवढ्यापुरते आम्ही एकत्र यायचो, पण अडीअडचणीला फोन फिरायचे. एका मैत्रिणीनं लगेच नाव सुचवलं. "अगं, एकदम अनुभवी नर्स आहे. इंग्लिश बोलते. आमच्या शेजारच्या आजोबांकडे जायची. इतकी प्रेमळ ना!"

ती मंगळवारी संध्याकाळी भेटायला आली. चाळिशीची, गोल चेहऱ्याची, हसतमुख. येताना सफरचंदाचा केक घेऊन आली. आईंचा हात हातात घेऊन तिनं सांगलीचं हवामान विचारलं, नातवंडं किती ते विचारलं. आईंना इंग्लिश बऱ्यापैकी समजायचं. मला ती आवडली. घरात चार दिवसांनी कुणीतरी हसलं होतं.

निघताना मी म्हटलं, "तुमची उर्कुंडे बघायला मिळेल का?" उर्कुंडे म्हणजे सरकारी शिक्क्याचं प्रमाणपत्र. नर्स म्हणवून घ्यायला इथं ते लागतं, एवढं मला ऑफिसातल्या एका सहकारिणीनं सांगितलं होतं.

"हो, हो, नक्की," ती म्हणाली. "उद्या आणते."

त्या रात्री जेवताना नवऱ्याचा फोन आला. मी सांगितलं तर तो म्हणाला, "तू तिच्याकडे सर्टिफिकेट मागितलंस? अगं, ती मदत करायला येतेय. वाईट वाटलं असेल तिला."

"वाटू दे. ऑफिसात एक बोल्ट आला तरी मी त्याचा कागद बघते. ही तर तुझ्या आईची टाच आहे."

तो हसला. मी हसले नाही.

बुधवारी ती आली, प्लास्टिकच्या पाकिटात एक रंगीत झेरॉक्स घेऊन. मी ती घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि ती आतल्या खोलीत आईंचं ड्रेसिंग करायला बसली. कागदावर तिचं नाव होतं, शिक्का होता, सही होती. पण जिथं पेशा लिहिला होता तो शब्द लांबलचक होता आणि त्याच्या शेवटी "हेल्फरिन" होतं. मी डिक्शनरी काढली. तुकडे पाडून शब्द लावला. वृद्धांची शुश्रूषा करणारी मदतनीस. एक वर्षाचा कोर्स. नर्स हा शब्द त्या कागदावर कुठंच नव्हता.

मी बाहेर आले तोवर तिचं काम आटोपलं होतं. माझं तोंड बघून तिला कळलं असावं. मी सरळच विचारलं, "तुम्ही नर्स नाही आहात?"

"मी बारा वर्षं वृद्धाश्रमात काम केलंय. अशी ड्रेसिंग्ज रोज केलीत. लोक मला नर्स म्हणतात. मी दर वेळी दुरुस्त करत बसत नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. खोटं बोलायला आलेल्या बाईसारखीही ती दिसत नव्हती. पण मला डॉक्टरांचं वाक्य आठवत होतं. मी म्हटलं, "आजोबांसाठी तुम्ही उत्तम असाल. या जखमेसाठी मला नर्स हवी. माफ करा." तिनं कागद पाकिटात घातला, कोट चढवला आणि आईंना 'बऱ्या व्हा' म्हणून गेली. मी तिला दारापर्यंत सोडलं.

परत आले तर आई खिडकीबाहेर बघत होत्या.

"गेली ती?"

"हो. ती नर्स नव्हती आई."

"माहितेय," आई म्हणाल्या. "तिनं कात्री पलंगाच्या चादरीवर ठेवली आणि तीच उचलून गॉज कापला."

मी त्यांच्यासमोर बसले. "मग तुम्ही बोलला का नाहीत? तुम्ही! तुमच्या वॉर्डात कुणी असं केलं असतं तर?"

"वॉर्डातून बाहेर काढली असती." त्यांनी शाल सारखी केली. "इथं मी कोण गं बोलणारी? भाषा येत नाही. तुम्ही दोघं धावपळ करताय. त्यात मी आणखी चुका काढायच्या?"

लग्नानंतरच्या सहा वर्षांत मी आईंना अनेकदा रागावलेलं पाहिलं होतं, आजारी पाहिलं होतं. इतकं लहान होऊन बसलेलं पाहिलं नव्हतं. मी कात्री, चिमटा सगळं उकळलं. मग त्या सांगत गेल्या आणि मी हातमोजे घालून ते ड्रेसिंग पुन्हा केलं. त्यांचा आवाज हळूहळू स्थिर होत गेला. "आतून बाहेर पूस. बाहेरून आत नाही. हं. बोळा टाक, नवा घे."

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेझुंडहाइट्सआम्टमध्ये गेले, म्हणजे गावच्या सरकारी आरोग्य कार्यालयात. आधी वेळ ठरवून घेतली नव्हती, तरी बसले. तासाभरानं एका बाईंनी आत बोलावलं. टेबलावर कॅक्टसची कुंडी, डोळ्यांवर साखळीचा चष्मा. मी सगळं सांगितलं.

"मी कुणाची शिफारस करू शकत नाही," त्या म्हणाल्या.

"शिफारस नकोय. घरोघर जाणाऱ्या स्वतंत्र नर्सेसची इथं नोंद असते ना? कुणी एक नाव सांगितलं, तर त्या नावाची बाई खरोखर नर्स आहे की नाही, एवढं तुम्ही मला सांगू शकाल का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ते सांगू शकते. विचारायलाच हवं ते. सहसा कुणी येत नाही विचारायला." मग त्यांनी समजावून सांगितलं की झेरॉक्स बघून थांबू नका, मूळ कागद मागा. जखमांचं वेगळं प्रशिक्षण आहे का विचारा. आणि डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय जी हात लावायला तयार होईल, तिला घरात घेऊ नका. हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. निघताना त्यांनी मला बाहेरच्या फलकाकडे बोट दाखवलं. तिथं नोंदणी असलेल्या काहींनी स्वतःची कार्डं लावली होती.

तीन कार्डं होती. पहिली सुट्टीवर. दुसरी शुक्रवारी चार वाजता येते म्हणाली.

चारला दोन मिनिटं कमी असताना बेल वाजली. पन्नाशी उलटलेली, बारीक कापलेले करडे केस, हातात जड बॅग. हसली नाही. नाव सांगितलं, बूट दाराशी काढले आणि पहिला प्रश्न विचारला, "हात कुठं धुवू?"

आतल्या खोलीतून आईंनी विचारलं, "काय म्हणतेय?"

"हात कुठं धुवू विचारतेय."

"हं," आई म्हणाल्या. एवढंच.

मी वही उघडली. थोडं अवघड वाटत होतं, पण विचारलं, "तुमचे मूळ कागद बघायचेत मला."

"गेनाऊ, बरोबर," ती म्हणाली, जणू मी चहा घेणार का विचारलं होतं. तिनं बॅगेतून एक निळी फाइल काढून टेबलावर ठेवली.

वरचाच कागद बघून मी गोंधळले. प्रमाणपत्र खरं होतं, शाई दाबलेली दिसत होती, पण शिक्का ज्या देशाचा होता तो देशच आता उरला नव्हता. ती पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनला शिकली होती, बर्लिनची भिंत पडायच्या कितीतरी आधी. मी काही बोलायच्या आत तिनं पान उलटलं. त्याखाली दोन्ही जर्मनी एक झाल्यावर मिळालेला मान्यतेचा कागद होता. त्याखाली जखमांच्या शुश्रूषेचा कोर्स, तीन वर्षांपूर्वीचा.

"हा पहिला कागद बघून बरेच जण घाबरतात," ती म्हणाली. "तुम्ही ऑफिसला फोन करा. मी थांबते."

मी तिच्यासमोरच फोन लावला. सुदैवानं कॅक्टसवाल्या बाई अजून जागेवर होत्या. नाव सांगितलं. कीबोर्डचा आवाज आला. "हो. नोंद आहे. नर्स आहे." मी फोन ठेवला आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुढं केली. तिनं ती दोनदा वाचली. मगच ती आईंकडे गेली.

तेवढ्यात आई मराठीत म्हणाल्या, "माझंही सांग तिला."

"काय सांगू?"

"मी कोण ते."

मी सांगितलं. सर्जिकल वॉर्ड, तीस वर्षं, इन्चार्ज. ती नर्स हातमोजे चढवता चढवता थांबली. तिनं विचारलं, किती खाटा? चाळीस. आणि पाळीला नर्स किती? दोन, कधी एक. तिनं पहिल्यांदा भुवया उंचावल्या आणि आईंकडे बघून मान लववली. मग खुर्ची सरकवून अशी बसली की आईंना हातआरशात सगळं दिसेल.

जखम साफ होईपर्यंत सगळं ठीक होतं. आई आरशात बघत होत्या आणि बारीक हुंकार देत होत्या. मग तिनं पाकिटातून एक जाड, ओलसर पट्टी काढली आणि आईंनी पाय मागं घेतला.

"हे काय लावतेय? ओलं? जखम कोरडी ठेवायची असते. वाळू दे म्हणावं. खपली धरू दे."

मी भाषांतर केलं.

"नाइन, नाही," नर्स म्हणाली. "खपलीखाली ती तशीच राहते. ओलाव्यात लवकर भरते."

"तीस वर्षं मी काय उगाच वाळवल्या जखमा?"

हे मी जरा मऊ करून सांगायला गेले, पण नर्सनं माझ्याकडे बोट केलं. "त्या जे म्हणाल्या तेच सांगा."

मी तेच सांगितलं. तिचा अपमान झालेला दिसत नव्हता. ती म्हणाली, "मीही पंधरा वर्षं वाळवल्या. कोर्सला गेले तेव्हा शिकवणाऱ्या बाईंशी भांडले होते." तिनं बॅगेतून कागदाची एक छोटी मोजपट्टी काढली आणि आईंच्या हातात दिली. "आज मोजूया. एक आठवडा माझ्या पद्धतीनं. कमी झाली नाही तर डॉक्टरांना विचारून तुमच्या पद्धतीनं."

आईंनी मोजपट्टी उलटसुलट करून पाहिली. "एक आठवडा," त्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या. "वन वीक. आय विल मेजर."

त्यानंतर ती रोज यायची. मी कामावरून पावणेचारला पोचायचे आणि चारला ती हजर. सुरुवातीचे दोन-तीन दिवस मी भाषांतर करत राहिले. मग लक्षात आलं की माझी फारशी गरज उरली नाहीये. स्टराइल, प्लाझ्मा, इन्फेक्शन, इन्सुलिन, असे शब्द दोघींचे सारखेच होते. उरलेलं हातवाऱ्यांनी. आई दर दिवशी माप घेऊन डायरीत लिहायच्या. पाचव्या दिवशी त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मोजपट्टी नर्सच्या हातात दिली. जखम लहान झाली होती. नर्सनं माप पाहून मान डोलावली. त्या संध्याकाळी आईंनी मला बोलावून घेतलं.

"त्या ओल्या पट्टीचं नाव नीट लिहून दे मला. देवनागरीत. आणि ती कशापासून करतात तेही विचार."

"कशाला?"

"किती जणांचे पाय होते गं," त्या म्हणाल्या. "आम्हाला जे शिकवलं ते आम्ही केलं. पण आता कळलंय तर सांगायला नको?"

मैत्रिणीलाही मी फोन करून सगळं सांगितलं. तिला ते आवडलं नाही. "तू उगाच कुणाचं काम घालवतेस," ती म्हणाली, आणि पुढं दोन महिने आमचं बोलणं जेमतेमच होतं. मी माझं म्हणणं मागं घेतलं नाही. ती बाई आजोबांची काळजी उत्तम घेत होती, हे मी तेव्हाही म्हणाले. फक्त तिच्या कागदावर जे लिहिलं होतं तेच मी सांगितलं होतं.

नवऱ्यानं पुढच्या गुरुवारी आल्यावर डायरीतली मापं बघितली, मग आईंची टाच, मग माझ्याकडे. "बोल्टाचं म्हणत होतीस ते बरोबर होतं," म्हणाला.

जखम पूर्ण भरायला सात आठवडे लागले. डॉक्टरांनी शेवटी दोन वेळा टाच बघितली आणि आईंना विमानात बसायची परवानगी दिली. शेवटच्या दिवशी नर्सनं एक पानभर सारांश लिहून आणला, कुठल्या दिवशी काय लावलं, माप किती. मला वाटलं डॉक्टरांसाठी असेल. तिनं तो आईंच्या हातात दिला. वरती जर्मनमध्ये लिहिलं होतं, 'सन्माननीय सहकारी सिस्टरांस'. मी वाचून दाखवलं. आईंनी तो कागद चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवला आणि तिच्यासाठी स्वतः चहा केला, आलं घालून, एका पायावर भार देत. आम्ही दोघींनी बसा बसा म्हटलं तरी ऐकलं नाही.

हानोवरच्या विमानतळावर आम्ही व्हीलचेअर सांगून ठेवली होती. मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. त्या निमूट बसल्या, पाय फळीवर नीट ठेवला आणि ढकलणाऱ्या माणसाला म्हणाल्या, "स्लो, प्लीज. हील." मग माझा हात धरून म्हणाल्या, "विचारत जा अशीच. कुणी रागावलं तरी."

महिन्याभरानं सांगलीहून माझ्या दिरांचा फोन आला. आई रोज सकाळी बागेत जात होत्या, फेऱ्या कमी आणि बसणं जास्त. बागेत मधुमेहाच्या बऱ्याच बायका फिरायला येतात. आई त्यांना एकेक करून बाकावर बसवून चपला काढायला लावतात आणि तळवे तपासतात, असं दीर सांगत होते. पहिले काही दिवस बायकांनी थट्टा केली. मग एकीच्या तळव्यात काचेचा तुकडा सापडला, आत रुतलेला. तिला पत्ताही नव्हता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, नेली तिला दवाखान्यात. आता स्वतःहून येऊन बसतात. काल सात जणी होत्या."